वास आल्याचा

उत्तरेच्या भिंतीपाशी, मेपलखाली,
सोळा वर्षं गवत लावलं आम्ही.
दर एप्रिलात यदुनाथ बियांची गोणी आणायचा.
गोणीवर छापलेलं हिरवंगार अंगण
गॅरेजमध्ये वर्षभर टिकायचं,
जमिनीवरचं जुलै गाठायचं नाही.
उरायची ती मेपलची मुळं,
घाईत टाकून दिलेल्या दोरखंडासारखी,
राखेच्या रंगाची माती,
आणि "यंदा खत कमी पडलं" हे वाक्य.

पलीकडच्या डोरीन हॉस्टेटलरने एकदा
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून तीन कांड्या दिल्या.
म्हणाली, सावलीशी किती वर्षं भांडणार?
तिला काय हवंय ते विचारा एकदा.
(बत्तीस वर्षं शाळेत मुलांचे डबे उघडून दिलेत तिने,
अजून बोलते ती झाकण सैल करत.)

मी कांडी नखाने खरवडली,
आणि वूस्टर, ओहायो इथे,
थंडीने अजून न सोडलेल्या त्या दुपारी
घमघमाट सुटला
किसणीचा, खलबत्त्याचा,
नाक चोंदलेल्या रात्रीच्या काढ्याचा.
"आलं!" मी म्हटलं.
"नुसता वास," डोरीन म्हणाली,
"चहात घालशील तर किडन्या जातील.
इथलं रानातलं आहे हे. तुमच्या आल्याचं कुणी नाही."
यदुनाथ म्हणाला, "मग उपयोग काय?"

तो शब्द मी तिथेच खुरप्यापाशी ठेवला.
बोटभर खोल, आडव्या, पुरल्या कांड्या,
वर त्याच झाडाची गेल्या सालची पानं पसरली.
हीच पानं सोळा वर्षं पिशव्यांत कोंबून
आम्ही कचऱ्याच्या गाडीला देत होतो.

त्या उन्हाळ्यात सहा पानं. रोज झारीभर पाणी.
पुढल्या वर्षी दहा.
यदुनाथ मोजायचा, जन्म बँकेत गेलेला.
"या व्याजाने भिंतीपर्यंत पोचायला
अजून एक जन्म लागेल आपल्याला."
"तुझ्या गवताने तर मुद्दलही खाल्लं," मी म्हटलं.
मग दोन दिवस अबोला, एक दिवस साबुदाण्याची खिचडी.

हरणं आली, हुंगून गेली.
पोस्टाची गाडी चालवणारा अर्ल विचारायचा,
"फुलं कधी येणार?"
मी म्हणायचे, "येऊन गेली."
रस्त्यावरून दिसत नाहीत ती.
दोन पानांच्या देठांची जिथे बेचकी होते
तिथे, अगदी मातीला टेकून,
आमसुलाच्या रंगाची एक वाटी,
तीन टोकं बाहेर वळलेली,
भातुकलीत हरवली आणि कुणी शोधली नाही तशी.
मधमाशीला त्याचं काही नाही.
मे महिन्यात एखादी बारकी माशी वाकून आत जाते,
बाकी सगळं अंधारात.

जूनच्या शेवटी मुंग्या येतात.
प्रत्येक बीला एक इवलासा मऊ तुकडा चिकटलेला,
तो त्यांचा खाऊ. बी उचलून नेतात,
खाऊ खातात, आणि बी टाकून देतात
आपल्या उकिरड्यावर.
आता डोरीनच्या टपालपेटीखाली दोन पानं आहेत.
मी नेली नाहीत. तिनेही आणली नाहीत.

यंदा एप्रिलात गोणी आली नाही.
मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.
भिंत अजून दीड हात लांब आहे.

परवा चहा झाला (दुकानातलं आलं घालून),
आणि हाक ऐकून बाहेर गेले तर
एकाहत्तराव्या वर्षी यदुनाथ मेपलखाली
स्वेटरसकट पालथा पडलेला.
काळजाचं पाणी झालं माझ्या.
धावले, बाकडं ओढत आणलं,
म्हटलं, धर हात, ऊठ हळूच.

"थांब," तो म्हणाला,
एका बोटाने पान वर धरून,
"इकडे अजून एक आहे."